गप्प राहणं म्हणजे 'बरोबर' : कंट्रोलर व्हायचं ठरवलेल्या एका मुलीचं प्रकरण

माझ्या मैत्रिणीची मुलगी सोळा वर्षांची असताना एकदा माझ्याकडे आली आणि दारातच म्हणाली, "मावशी, मला तुझ्यासारखं कंट्रोलर व्हायचंय. काय काय करावं लागतं ते सगळं सांग." हातात वही, पेनाचं टोपण आधीच काढलेलं. मी हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून आधी टॉवरमध्ये आणि नंतर रडारवर बरीच वर्षं काढली आहेत. त्यातला मोठा काळ नव्या ट्रेनींच्या शेजारच्या खुर्चीत गेला. हा प्रश्न मला अधूनमधून कुणी ना कुणी विचारतंच, आणि मीही पात्रता, वय, परीक्षा एवढं सांगून मोकळी होते. या मुलीच्या बाबतीत मात्र ते पुढे दोन वर्षं चाललं. तिच्या आणि तिच्या आईच्या परवानगीने, नाव न घेता, ते इथे लिहिते आहे. या कामाची ओढ लागलेल्या मुलामुलींना पात्रतेच्या यादीपेक्षा याचा जास्त उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं.

मुलगी कशी होती

गणितात पक्की होती. ४८० नॉट, म्हणजे तासाला ४८० सागरी मैल, वेगाचं विमान मिनिटाला ८ सागरी मैल जातं, समोरासमोर येणारी अशी दोन विमानं मिनिटाला १६ मैलांनी एकमेकांजवळ येतात, म्हणजे रडारवर राखायचं ५ मैलांचं अंतर १९ सेकंदांत संपतं, हा हिशेब तिने मला बोलता बोलता करून दाखवला. ३०,००० फुटांवरून उतरायचं तर साधारण ९० मैल आधी सुरुवात हवी, कारण हजार फुटांना ३ मैल, हेही तिला ठाऊक होतं. इंग्रजी चांगलं होतं. वर्षभर ती इंटरनेटवरच्या एका आभासी नेटवर्कवर कंट्रोलर म्हणून बसत होती. तिथे घरबसल्या विमान 'उडवणारे' हौशी लोक असतात आणि त्यांना सूचना देणारेही हौशीच. अल्फा, ब्राव्हो, चार्ली सगळं पाठ. 'नाइन'ला 'नाइनर' आणि 'थ्री'ला 'ट्री' म्हणतात हेही माहीत, आणि ते का म्हणतात हेसुद्धा.

थोडक्यात, निवड परीक्षेत जे तपासतात त्यातलं बरंच तिच्यापाशी आधीच होतं. युरोपात युरोकंट्रोलने तयार केलेली 'फीस्ट' नावाची चाचणी वापरतात, अमेरिकेत 'ॲटसा' नावाची. आकृत्या मनातल्या मनात फिरवणं, एकाच वेळी दोन-तीन कामं सांभाळणं, आकडे लक्षात ठेवणं, असा या चाचण्यांचा रोख असतो. ती त्यात मागे पडेल असं मला वाटलं नाही. मला पाहायचं होतं ते वेगळंच. म्हणून मी तिची वही बंद करायला लावली आणि म्हटलं, "आधी एक तास काम करून बघू."

टेबलावरचा तास

तिच्याच घरी, पुढच्या रविवारी. मी कागदाच्या बारा पट्ट्या कापल्या. टॉवरमध्ये प्रत्येक विमानाची अशी एक स्ट्रिप असते: कॉलसाइन (रेडिओवर विमानाला हाक मारायचं नाव), प्रकार, उंची, मार्ग. आता पुष्कळ ठिकाणी त्या पडद्यावर आल्या आहेत, पण सरावाला कागदच बरा, हातात धरता येतो. तिला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि मी तिच्या पाठीमागे बसले, म्हणजे माझे ओठ तिला दिसणार नाहीत. रेडिओवर फक्त आवाज असतो. सगळे वैमानिक मीच. कॉलसाइन नुसते आकडे: ४२७, ८१३, ४७२ असे. ४२७ आणि ४७२ मी मुद्दाम ठेवले होते. प्रत्यक्षातही एकसारखे कॉलसाइन एकाच फ्रिक्वेन्सीवर येतात आणि घात करतात. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं. तिची आई आणि धाकटा भाऊ बाजूला बसून बघत होते.

आठ विमानं, चाळीस मिनिटं. तिने ज्या वेगाने विमानांची रांग लावली ते पाहून मला खरंच आनंद झाला. कोण आधी उतरेल, कुणाला वळवायचं, कुणाला वरच थांबवायचं, हे तिला दोन-दोन पावलं पुढचं दिसत होतं. आमच्यात याला 'पिक्चर असणं' म्हणतात, आणि ते तिच्याकडे होतं.

पण या चाळीस मिनिटांत मी चार वेळा चुकीचा रीडबॅक दिला. रीडबॅक म्हणजे कंट्रोलरने दिलेली सूचना वैमानिकाने जशीच्या तशी परत म्हणून दाखवणं. उंची, दिशा, वेग, धावपट्टी, दाबाचं सेटिंग, या गोष्टी परत म्हणाव्याच लागतात. त्या ऐकून तपासणं हे कंट्रोलरचं काम, त्याला आम्ही हिअरबॅक म्हणतो. चूक असेल तर लगेच 'निगेटिव्ह' म्हणून सुधारायचं. बरोबर असेल तर बहुतेक वेळा काहीच बोलायचं नसतं. म्हणजे रेडिओवर कंट्रोलर गप्प राहिला तर त्याचा अर्थ 'बरोबर' असा होतो. ही गोष्ट नव्या मुलांच्या लक्षात येत नाही. त्यांना वाटतं आपण काही बोललोच नाही, तर चुकणार कसं?

तिने ४२७ ला सांगितलं, लेव्हल वन-वन-झीरोला उतर. मी म्हटलं, "वन-झीरो-झीरो, ४२७." तिने पुढच्या स्ट्रिपला हात घातला. लेव्हल ११० म्हणजे ११,००० फूट आणि १०० म्हणजे १०,०००. दोन विमानांत वर-खाली राखायचं अंतर हजार फुटांचंच असतं, आणि १०० वर तिनेच ८१३ ला ठेवलेलं होतं. दुसऱ्यांदा, ४२७ ला दिलेलं डावं वळण ४७२ ने उचललं. तेही निसटलं. तिसऱ्यांदा तिने हवेचा दाब १००३ दिला आणि मी १०१३ परत म्हटलं. विमानातला उंचीमापक या दाबावरच उंची दाखवतो. दाबाच्या एका एककाला, म्हणजे हेक्टोपास्कलला, सुमारे ३० फूट, म्हणजे ते विमान स्वतःच्या समजुतीपेक्षा ३०० फूट खालून येणार. तेही गेलं. चौथी चूक धावपट्टीची होती, डावीऐवजी उजवी. ती मात्र तिने पटकन पकडली.

"कसं झालं?" मी विचारलं.

"मस्त!" ती वळून म्हणाली. चेहरा फुललेला होता.

मी रेकॉर्डिंग लावलं. पहिल्या वेळी ती म्हणाली, "तू पुटपुटलीस." मी परत लावलं. 'वन-झीरो-झीरो' स्वच्छ ऐकू येत होतं. मग ती म्हणाली, "मला ऐकू आलं होतं तसं, पण मी म्हटलं नंतर बघू." तिच्या भावाने खुदकन हसून घेतलं, ती उठून आत गेली आणि त्या दिवशीचा आमचा सराव तिथेच संपला.

यात मला काय दिसलं

तीन चुका निसटल्या याची मला चिंता नव्हती. सोळा वर्षांच्या मुलीने पहिल्या दिवशी चारपैकी एक पकडली, हे वाईट नाही. अनुभवी माणसांचंही चुकतं. त्या चुका का निसटल्या हे रेकॉर्डिंगमध्ये नीट कळत होतं. सूचना देऊन झाली की तिचं डोकं पुढच्या विमानाकडे जाई. वैमानिक बोलत असे तेव्हा ती ऐकत नसे, आपलंच वाक्य परत येतंय असं धरून चालत असे. धावपट्टीची चूक सापडली कारण त्या क्षणी तिच्या हातात दुसरं काम नव्हतं. हुशार, वेगवान मुलांचा हा ठरलेला धोका आहे. डोकं इतकं पुढे धावतं की कान मागे राहतो.

चिंता वाटली ती तिच्या त्या वाक्याची: 'मला ऐकू आलं होतं, पण…' शिकाऊ कंट्रोलर प्रत्यक्ष विमानं सांभाळतो तेव्हा शेजारी प्रशिक्षक स्वतःचा हेडसेट लावून बसलेला असतो, आणि गरज पडली तर मध्येच बोलून सूत्रं हातात घेऊ शकतो. प्रत्येक सत्रानंतर डिब्रीफ होतं: काय झालं, का झालं. माझ्यासमोर जे ट्रेनी अडकले ते बहुतेक इथे अडकले. 'मी ऐकलंच नाही' असं सांगणाऱ्याला ऐकायला शिकवता येतं. 'ऐकलं होतं, पण' म्हणणाऱ्याचा दोष नेमका कुठे आहे तेच सापडत नाही, त्यामुळे शिकवायचं काय हेच कळत नाही.

आणि माझी स्वतःची चूक. मी ते रेकॉर्डिंग तिच्या आईसमोर आणि भावासमोर लावलं. खरं डिब्रीफ दोघांतच होतं, दार लावून. नोकरीत मी हा नियम कधी मोडला नाही आणि एका मुलीच्या बाबतीत सहज मोडला. ती तीन आठवडे माझ्याकडे फिरकली नाही. शेवटी मीच फोन करून माफी मागितली आणि म्हटलं, "या वेळी आपण दोघीच."

टेनेरीफ

दोघीच बसलो तेव्हा मी तिला नियम सांगितले नाहीत. एका दुपारची हकीकत सांगितली.

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांमधल्या टेनेरीफचा लॉस रोदेओस विमानतळ. शेजारच्या ग्रान कनारिया विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्यामुळे तिकडची विमानं इकडे वळवलेली होती. छोटा विमानतळ, गर्दीने भरलेला. धावपट्टीकडे नेणारे बाजूचे रस्ते, म्हणजे टॅक्सी-वे, अडल्यामुळे विमानांना धावपट्टीवरूनच चालत जावं लागत होतं. त्यात धुकं उतरलं. टॉवरमधून धावपट्टी दिसत नव्हती आणि जमिनीवरचं रडार नव्हतं. केएलएमचं बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाला वळून उभं होतं. पॅन ॲमचं बोइंग ७४७ त्याच धावपट्टीवर, समोरून, बाहेर पडायचं वळण शोधत येत होतं.

केएलएमला उड्डाणानंतरच्या मार्गाचं क्लिअरन्स मिळालं. उड्डाणाची परवानगी वेगळी असते, ती मिळाली नव्हती. सहवैमानिकाने मार्गाचा रीडबॅक दिला आणि शेवटी जोडलं, 'आम्ही आता टेक-ऑफवर आहोत.' तोवर कॅप्टनने विमान पळवायला सुरुवात केली होती. टॉवरमधल्या कंट्रोलरला वाटलं, ते उड्डाणाच्या जागी तयार उभे आहेत. तो म्हणाला, 'ओके'. मग क्षणभर थांबून त्याने सांगितलं, 'टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगेन.' नेमकं त्याच वेळी पॅन ॲमचे वैमानिकही बोलले, की आम्ही अजून धावपट्टीवर आहोत. एका फ्रिक्वेन्सीवर दोघे एकदम बोलले की शब्दांऐवजी शिट्टीसारखा कर्कश आवाज येतो. केएलएमच्या कॉकपिटमध्ये 'ओके' स्वच्छ पोचलं आणि पुढचं त्या आवाजात बुडालं. ५८३ माणसं गेली.

मुलगी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे प्रत्येकाने आपल्याला हवं तेच ऐकलं." मी म्हटलं, "हवं ते किंवा अपेक्षित असलेलं." त्या अपघातानंतर 'टेक-ऑफ' हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचं, असा दंडक झाला. आमच्या बोलीतले असे कितीतरी नियम पाठांतरासारखे वाटतात, पण त्यांच्यामागे माणसं आहेत. पहिल्या रविवारच्या माझ्या 'वन-झीरो-झीरो'चंही तसंच आहे. ११० शी घोटाळा होऊ नये म्हणून आता १०० ला 'वन हंड्रेड' म्हणायची पद्धत आहे. त्या दिवशी मी जुन्या पद्धतीने बोलले होते, तेवढ्यावरूनसुद्धा तिच्या कानाने थबकायला हवं होतं.

मी काय करायला सांगितलं

सगळ्यात आधी एक वही. दिवसभरात जे जे चुकीचं ऐकलं ते लिहायचं: समोरचा काय म्हणाला, मी काय ऐकलं, आणि तिसऱ्या रकान्यात कारण. बाकी काही नाही. 'लक्ष नव्हतं' हे कारण चालणार नाही, लक्ष कुठे होतं ते लिहायचं. सुरुवातीला तिला वाटलं, यात लिहिण्यासारखं काय सापडणार. पहिल्या आठवड्यात चौदा नोंदी झाल्या. त्यातली एक मला अजून आठवते. आई म्हणाली 'साडेसातला उठव', मी 'सातला' ऐकलं. कारण : काल तिने सात सांगितलं होतं. एवढ्या एका ओळीत टेनेरीफचा अर्धा धडा आहे.

दुसरं, भावाबरोबर आकड्यांचा खेळ. त्याने दुसऱ्या खोलीतून, टीव्ही चालू ठेवून, पाच-पाच आकडे सांगायचे. तिने ते परत म्हणायचे आणि त्याच वेळी हाताने आधीचे लिहायचे. मग उलट. तिने सांगायचे, त्याने परत म्हणताना मुद्दाम चुकवायचे. पकडली नाही तर त्याला गुण. हसल्याबद्दलचं त्यांचं भांडण या खेळातच मिटलं.

तिसरं बोलण्याविषयी. ती फार भरभर बोलायची, आणि बहुतेक मुलांना तेच रुबाबदार वाटतं. रेडिओवर मिनिटाला १०० शब्दांपेक्षा जास्त वेग नसावा असं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ सांगते. घड्याळ लावून १०० शब्द वाचून पाहा, किती सावकाश आहे ते कळेल. इंग्रजीचं प्रमाणपत्र लागतं तेही याच संघटनेच्या सहा पायऱ्यांच्या मोजपट्टीवर. काम करायला किमान चौथी पायरी हवी. उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद असे सहा भाग तपासतात, आणि ज्यात सगळ्यात कमी गुण तीच तुमची पायरी ठरते. म्हणून अलंकारिक इंग्रजीचा उपयोग नाही. अनोळखी उच्चारांचं इंग्रजी ऐकून समजणं आणि न समजल्यास 'से अगेन' म्हणणं, एवढं आलं तर पुष्कळ झालं. 'से अगेन' म्हणायला लाज वाटता कामा नये, हे मी तिला इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तिची आईही म्हणायला लागली.

आभासी नेटवर्क सोडायला मी सांगितलं नाही. पिक्चर जमवायला आणि शब्द तोंडात बसायला ते चांगलं आहे. फक्त तिथे लागलेल्या सवयी पुढे प्रशिक्षकाला उकलाव्या लागतात, म्हणून 'मला हे येतं' असं म्हणून प्रशिक्षणात पाऊल टाकू नकोस, एवढं सांगितलं. काही मुलं खरी फ्रिक्वेन्सी ऐकतात. ते करण्याआधी आपल्या देशाचा कायदा बघा. अमेरिकेत चालतं, ब्रिटनमध्ये बेकायदा आहे.

कान, डोळे आणि वय

हे थोडक्यात सांगते, पण उशीर करू नका. कंट्रोलरला वर्ग तीनची वैद्यकीय तपासणी लागते. चष्मा चालतो. चष्म्यासह किंवा चष्म्याशिवाय प्रत्येक डोळ्याने ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ दिसलं पाहिजे. कामाला लागणारे रंग ओळखता आले पाहिजेत. रंगदृष्टीचा दोष अनेकांना स्वतःला माहीतच नसतो, तेव्हा पाच वर्षं स्वप्न बघून मग कळण्यापेक्षा पंधराव्या वर्षी अर्ध्या तासात तपासून घ्या. कानाचं मोजमाप प्रत्येक कानाचं वेगळं होतं. ५००, १००० आणि २००० हर्ट्झला ३५ डेसिबलपेक्षा जास्त आणि ३००० हर्ट्झला ५० डेसिबलपेक्षा जास्त ऐकू कमी येता कामा नये.

या मुलीचे डोळे आणि रंगदृष्टी उत्तम निघाली. ऐकणं मर्यादेत होतं, पण डावा कान उजव्यापेक्षा स्पष्ट कमजोर. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "एकच इअरफोन लावून गाणी ऐकतेस का?" ती डाव्याच कानात लावायची, अभ्यास करताना, आवाज मोठा करून. त्या दिवसापासून बंद केलं. गेलेलं ऐकणं परत येत नाही. इतकी मुलं कानात काहीतरी कोंबून फिरताना दिसतात, आणि त्यांतल्या कुणाला पुढे हे काम करायचं असेल, हे माझ्या मनातून जात नाही.

वयाचे आणि शिक्षणाचे नियम देशागणिक निराळे. आयकाओच्या नियमानुसार परवान्यासाठी किमान वय २१. युरोपात विद्यार्थी कंट्रोलर म्हणून १८ व्या वर्षी सुरुवात होऊ शकते. अमेरिकेत एकतिसावा वाढदिवस येण्याआधी अर्ज करावा लागतो, आणि ५६ व्या वर्षी सक्तीने निवृत्ती असते. भारतात भौतिकशास्त्र आणि गणितासह विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, वयोमर्यादा २७. यातून मी तिला एकच सल्ला दिला. विज्ञानाची पदवी घे, पण केवळ यासाठी घेऊ नकोस. निवड झाली नाही तरी ज्यात रमशील असा विषय निवड. चांगली, योग्य मुलंही गळतात. प्रशिक्षणात शेवटच्या टप्प्यावर गळतात. आणि पास झालेल्याचंही रेटिंग, म्हणजे काम करायची परवानगी, त्याच विमानतळापुरतं किंवा सेक्टरपुरतं (आकाशाच्या ठरलेल्या तुकड्यापुरतं) असतं. बदली झाली की तिथलं आकाश पुन्हा शिकायचं. मी तीनदा शिकले आहे.

आईचा प्रश्न

तिची आई मला एकदा एकटीला गाठून म्हणाली, "तिच्या जिवाला झेपेल का गं हे? एवढा ताण."

मी तिला खोटा धीर दिला नाही. ताण आहे, पण लोकांना वाटतो तिथे तो सगळ्यात कठीण नसतो. गर्दीच्या वेळी माणूस सावध असतो, शेजारी सहकारी असतो, शरीर साथ देतं. कठीण असते ती रिकामी रात्र. १ जुलै २००२ ला जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमानं हवेत धडकली, ७१ जण गेले, त्यांत शाळकरी मुलं खूप होती. रात्री साडेअकराची वेळ, झ्युरिकच्या नियंत्रण केंद्रात एकच कंट्रोलर दोन जागा सांभाळत होता. सहकारी विश्रांतीला गेला होता, तशी तिथे पद्धतच पडली होती. देखभालीसाठी मुख्य फोनयंत्रणा बंद होती आणि टक्कर-सूचना देणारी प्रणाली पूर्ण क्षमतेने चालू नव्हती. धोका लक्षात आला तेव्हा त्याने एका विमानाला खाली उतरायला सांगितलं. त्याच विमानातलं टक्करविरोधी यंत्र वर जा म्हणत होतं. वैमानिक खाली गेले. दुसऱ्या विमानाला त्याच्या यंत्राने खालीच जायला सांगितलं होतं. तेव्हापासून जगभर एक गोष्ट पक्की करण्यात आली: यंत्र आणि कंट्रोलर वेगळं सांगत असतील तर वैमानिकाने यंत्राचं ऐकायचं.

हे सांगितल्यावर आई गप्प झाली. मग मी तिला म्हटलं, "तिच्यापाशी दोन गोष्टी आहेत का बघ. झोप मोडली तर दुसऱ्या दिवशी ती कशी वागते, आणि मदत हवी असताना ती हाक मारते का." शिफ्टचं काम आयुष्यभर झोपेशी खेळतं. सोळाव्या वर्षी रात्री दोनपर्यंत स्क्रीनसमोर बसण्याला सराव म्हणत नाहीत. ठरलेल्या वेळी आडवं होऊन झोप लागणं, हा सराव. आणि हाक मारण्याबद्दल: 'मला दुसरा माणूस लागेल' हे वाक्य वेळेवर म्हणता येणं ही या नोकरीतली मोठी पात्रता आहे, आणि ती कुठल्याही जाहिरातीत छापलेली नसते. आई थोडा विचार करून म्हणाली, "हाक नाही मारत गं ती." त्या एका उत्तराने मला पहिल्या दिवशीच्या 'पण'चा उलगडा झाला. चूक झाली की एकटीने निस्तरायची, अशी तिची लहानपणापासूनची सवय होती. घरात तिचं त्याबद्दल कौतुकही व्हायचं.

मग आम्ही दोघींनी ठरवलं की ते कौतुक बंद करायचं. चुकली आणि लगेच सांगितलं, तर त्यावर रागवायचं नाही, चर्चाही करायची नाही, नुसतं 'बरं' म्हणायचं. हे आईला जड गेलं. मुलीला त्याहून जड गेलं.

चौदा महिन्यांनी

पहिल्या रविवारनंतर चौदा महिन्यांनी परत टेबल, परत पट्ट्या. या वेळी दोघीच, दार लावून. मी सहा चुका पेरल्या होत्या आणि मागच्यापेक्षा विमानं वाढवली होती. तिचा वेग थोडा कमी झाल्यासारखा वाटला. नीट पाहिल्यावर कळलं, ती प्रत्येक सूचनेनंतर पेन स्ट्रिपवर टेकवून थांबत होती. माझा रीडबॅक येई, तो ऐकून झाला की मगच त्या आकड्यावर खूण करी. हे तिला मी शिकवलं नव्हतं. अनेक जुने कंट्रोलर हेच करतात.

पाच चुका तिने जागच्या जागी पकडल्या. सहावी कॉलसाइनची होती, पुन्हा तेच ४२७ आणि ४७२. ती निसटली. ती पुढच्या विमानाला सूचना द्यायला लागली, अर्ध्यावर थांबली आणि म्हणाली, "४७२, निगेटिव्ह, ते वळण तुमच्यासाठी नव्हतं, आहे त्याच दिशेने चला. ब्रेक. ४२७, डावीकडे वळा." ('ब्रेक' म्हणजे आता दुसऱ्या विमानाशी बोलते आहे.) आवाज चढला नव्हता. संपल्यावर मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "एक मला उशिरा कळली. आवाज ओळखीचा होता म्हणून कॉलसाइन ऐकलाच नाही."

रेकॉर्डिंग केलं होतं, पण लावायची गरज पडली नाही.

आता ती अठरा वर्षांची आहे. भौतिकशास्त्र घेतलंय, त्यात रमली आहे, आणि निवडीचा अर्ज ती पदवीनंतर करणार आहे. जमेल की नाही ते मी सांगू शकत नाही, तिनेही आता विचारायचं सोडलंय. वही मात्र चालू आहे, तिसरी. गेल्या महिन्यात तिने मला एक पान दाखवलं. शेवटची नोंद अशी होती:

'सरांनी विचारलं, समजलं का. मी हो म्हटलं. समजलं नव्हतं. कारण : सगळे गप्प होते. दोन मिनिटांनी हात वर केला.'